झील धरणारी माणसे : आंबेडकरी जलसा आणि समूहगानाचा इतिहास

मुंबईतील समूहगानाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस साधारणपणे 1956 पासून सुरुवात करतो. त्या वर्षी व्हिक्टर परांज्योती यांनी आपले समूहगायकांचे पथक उभे केले. पाश्चात्त्य पद्धतीचे चार सुरांत विभागलेले गायन या शहरात शिस्तीने रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. 1967 साली त्यांचे निधन झाल्यावर कुमी वाडिया यांनी ते पथक हाती घेतले आणि पुढे अनेक दशके चालवले. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. याच काळात सलील चौधरींनी मुंबईत तरुणांचे गायकवृंद जमवले, वसंत देसाईंनी हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला शिकवले. ही सर्व कामे मोठी आहेत, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. अनेक गळ्यांतून एक आवाज काढणे सोपे नसते. ज्याने हे एकदा करून पाहिले आहे त्याला त्याची किंमत कळते.

प्रश्न वेगळा आहे. अनेक गळ्यांतून एक आवाज काढणारी माणसे या शहरात 1956 च्या आधी नव्हती काय? होती. त्यांच्या हाती छडी नव्हती, समोर स्वरलिपीचे कागद नव्हते, अंगावर काळा कोट नव्हता. त्यांचे प्रेक्षक सभागृहात खुर्च्यांवर बसत नव्हते. चाळीच्या पटांगणात पोते, चटई, नाहीतर नुसती माती अंथरून बसत होते. म्हणून त्यांची नोंद संगीताच्या इतिहासात झाली नाही. झाली ती ‘लोककला’ या खात्यात आणि पुष्कळदा तीही झाली नाही. हे खाते कोणी पाडले, त्यात कोणाला टाकले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे विचारल्याशिवाय आपल्याला आपला सांस्कृतिक इतिहास लिहिता येणार नाही.

या लेखात मी आंबेडकरी जलशाचा विचार समूहगान म्हणून करणार आहे. जलशाच्या गाण्यांतील विचारांवर बरेच लिहिले गेले आहे. जलशातील आवाज कसा उभा राहत होता यावर फारसे लिहिलेले नाही.

प्रथम भूगोल पाहू. वडाळा, शिवडी, नायगाव, परळ, लालबाग हा सलग पट्टा आहे. एका बाजूला बंदर आणि मिठागरे, दुसऱ्या बाजूला गिरण्या, मधून हार्बर रेल्वे. नाशिक, नगर, सातारा, रत्नागिरी जिल्ह्यांतून आलेला अस्पृश्य कामगार या पट्ट्यात विसावला. बंदरावर, रेल्वेत, गिरण्यांत, नगरपालिकेत तो राबला आणि बी. डी. डी. चाळींच्या एकेका खोलीत दहा-दहा माणसांसह राहिला. याच वडाळ्यात विठ्ठलाचे जुने देऊळ आहे, आषाढीला तेथे दिंड्या येतात. टाळकऱ्यांचे रिंगण, मध्ये मृदंग, एकाने चरण उचलायचा आणि बाकीच्यांनी धरायचा, ही समूहगानाची रीत या भागाला फार जुनी आहे. पण त्या रिंगणात कोणी उभे राहायचे आणि कोणी रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, हे ज्यांनी भोगले त्यांच्या घरांत माहीत आहे. पंढरीच्या वाटेवर चोखोबाची जागा कोठे होती हे सर्वांना ठाऊक आहे.

1930 हे वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी धाडी घातल्या. हजारो माणसे चालून गेली आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या. वडाळ्याचे नाव देशाच्या इतिहासात गेले ते या मिठासाठी. त्याच वर्षी, 2 मार्चला, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे पाच वर्षे चालला. मिठाच्या सत्याग्रहात लाठी परक्या सरकारची होती. काळारामाच्या दारात दगड मारणारा हात शेजारच्या गल्लीतला होता. पहिल्या लढ्याची गाणी शाळेच्या पुस्तकांत आली. दुसऱ्या लढ्याची गाणी ज्यांनी गायली त्यांच्याकडे आता वळू.

काळाराम सत्याग्रहाने नाशिक जिल्ह्यातील तरुण पेटून उठला. त्यातले कितीतरी तरुण पोटासाठी मुंबईत होते. 1931 साली मुंबईत नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा राहिला. त्याचे अग्रणी भीमराव कर्डक हे निफाड तालुक्यातील कसबे सुकेण्याचे. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात, 1978 साली, ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हा ग्रंथ त्यांनी स्वतः लिहिला. हे लक्षणीय आहे. ज्या कलावंतांचा इतिहास दुसरे कोणी लिहिणार नव्हते त्यांच्यातल्याच एकाने लेखणी धरली. त्याच वर्षी जुलै महिन्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्या पाठोपाठ मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. जलशाचा इतिहास आणि जळणाऱ्या वस्त्यांचा इतिहास एकाच वर्षात शेजारी शेजारी उभे आहेत.

कर्डक एकटे नव्हते. केरूबुवा गायकवाड, केरूजी घेगडे, विदर्भाकडचे पतितपावनदास अशा अनेकांनी जलसे आणि गाणी उभी केली. पण कर्डकांच्या जलशाने मुंबईच्या कामगार वस्तीला जी सवय लावली तिचा परिणाम दूरगामी झाला. दिवसभर यंत्रासमोर उभा राहिलेला माणूस रात्री स्वतःच्याच माणसांच्या आवाजात आवाज मिसळू लागला.

येथे गिरणीतील एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. गिरण्यांच्या विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण ते खाते अस्पृश्यांना बंद होते. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? एवढ्या कारणासाठी हजारो माणसे कमी मजुरीच्या खात्यांत डांबली गेली. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. श्रमिकांची एकजूट म्हणणाऱ्यांना धोट्यावरची जात दिसत नव्हती.

आता जलशाकडे पाहा. जे तोंड धोट्याला चालत नव्हते, ज्याचा श्वास दुसऱ्याच्या श्वासाला लागता कामा नये असा नियम होता, तेच तोंड पटांगणात उघडले. समूहगान म्हणजे दुसरे काय असते? शेजारच्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास घेणे. त्याचा संपेल तेथे आपला सुरू करणे. जातिव्यवस्थेने श्वासाला विटाळ मानले. जलशाने श्वास एकत्र बांधून त्यातून आवाज काढला. जलशाच्या गाण्यांत काय शब्द होते हे बाजूला ठेवले, तरी अनेकांनी एकत्र गाण्याची ही कृती हेच एक विधान होते, असे माझे म्हणणे आहे.

हा प्रकार आकाशातून पडला नाही. 1873 साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापला, त्याच्या प्रचारासाठी पुढे सत्यशोधकी जलसे निघाले. ओतूरच्या भीमराव महामुनींचे नाव त्यात अग्रक्रमाने घेतात. त्याच्याही मागे तमाशा होता. गण, गौळण, बतावणी, लावणी, वग हा त्याचा क्रम. तमाशा जगवला तो प्रामुख्याने महार-मांग कलावंतांनी. ढोलकी त्यांची, तुणतुणे त्यांचे, गळा त्यांचा. पण बोलावणे पाटलाचे आणि करमणूक सावकाराची. स्त्री कलावंताचे शरीर तर त्या बोलावण्याची किंमतच होऊन बसले होते. हा वारसा जसाच्या तसा घेता येत नव्हता आणि टाकूनही देता येत नव्हता. टाकला असता तर हाती उरले काय असते? संगीत नाटकांची नाट्यगीते आपली नव्हती, ख्याल-ठुमरी तर नव्हतीच.

जलशाने निवड केली. ढोलकी, तुणतुणे, झांज, डफ ठेवले. हार्मोनियम, तबला जवळ केले. गण ठेवला, पण हळूहळू त्यात देवाच्या जागी माणूस आला. गौळणीची छेडछाड काढून टाकली. बतावणीतला विनोद ठेवला आणि त्याची धार भटाकडे, सावकाराकडे, आपल्यातल्याच अंधश्रद्ध माणसाकडे वळवली. मेलेल्या ढोराचे मांस, दारू, बोकडाचा नवस, मुलीला देवाला सोडणे, मुलाला शाळेतून काढणे, हे सगळे फार्सातून हसतहसत सोलून काढले. आणि तमाशातली एक गोष्ट फार काळजीपूर्वक जपली. ती म्हणजे झील.

झील म्हणजे काय हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. मुख्य शाहीर पुढे उभा राहतो, चरण म्हणतो. मागे चार-पाच झीलकरी उभे असतात. चरणाचा शेवट आला की शाहीर शेवटचा शब्द उंच उचलतो आणि हवेत सोडतो. झीलकरी तो झेलतात, ‘जी जी’ करीत ओढतात, ध्रुवपद म्हणतात आणि पुन्हा शाहिराच्या हाती देतात. पाहणाऱ्याला वाटते की मागचे लोक नुसती साथ करीत आहेत. नीट पाहिले तर ध्यानात येते की या रचनेत तीन कामे एकाच वेळी होतात. पहिले, शाहिराला दम घ्यायला सवड मिळते. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात रात्ररात्र गायचे तर ही सवड लागतेच. दुसरे, चार-पाच गळे एका सुरात लागले की आवाज पटांगणाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे : ध्रुवपद पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे निरक्षर माणसाला ते तिसऱ्या वेळेस पाठ होते आणि चौथ्या वेळेस तो स्वतःच झीलकरी होतो. ज्यांना पिढ्यान्पिढ्या अक्षर नाकारले गेले त्यांच्यासाठी ध्रुवपद हेच क्रमिक पुस्तक होते.

चालींचेही असेच. जलशात ओळखीच्या चाली घेत. लावणीच्या, भजनाच्या, नाटकातल्या, पुढे सिनेमातल्या. समीक्षकांनी यावर नाक मुरडले, ‘उसन्या चाली’ म्हटले. त्यांना कळले नाही की चाल ओळखीची असेल तर पहिल्याच रात्री जमाव गाऊ शकतो. अनोळखी चालीचे गाणे ऐकायचे असते. ओळखीच्या चालीचे गाणे म्हणता येते. जलशाला ऐकणारे नको होते, म्हणणारे हवे होते.

आता जो माणूस हे सर्व सांभाळतो त्याचे काम काय ते पाहू. सर्वांना झेपेल अशी पट्टी तो ठरवतो. काळी दोन की पांढरी चार, हा निर्णय चुकला तर मध्यरात्री झीलकऱ्यांचे गळे बसतात. कोणी कोणाच्या शेजारी उभे राहायचे, पुढे कोणता आवाज आणि मागे कोणता, हे तो ठरवतो. ढोलकीच्या तुकड्यावर, भुवईच्या खुणेवर, उचललेल्या हातावर सर्वांना एका क्षणी उठवतो आणि एका क्षणी थांबवतो. जमाव थकला की फार्स आधी घेतो, तापला की गाणे लांबवतो. कामावरून उशिरा सुटणाऱ्याची जागा धरून ठेवतो. युरोपात ज्याला संगीतसंचालक म्हणून मान देतात त्याचे काम याहून वेगळे नाही. फरक एवढाच की तो श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि आमचा शाहीर झीलकऱ्यांकडे पाठ करून लोकांकडे तोंड करतो. मागचे चुकणार नाहीत असा विश्वास असल्याशिवाय असे उभे राहता येत नाही.

बाबासाहेबांनी कर्डकांच्या जलशाबद्दल काढलेला एक गौरवोद्गार आपल्या सभांतून नेहमी सांगितला जातो. आपल्या दहा सभांच्या तोडीचे काम एक जलसा करतो, असा त्याचा आशय. आपण तो अभिमानाने सांगतो आणि पुढे जातो. त्यावर थोडे थांबले पाहिजे. सभेत एक बोलतो, हजार ऐकतात, पटले तर टाळ्या वाजवतात. जलशात ऐकणारा ध्रुवपद उचलतो, म्हणजे तो विचार स्वतःच्या तोंडाने उच्चारतो, आणि तोही शेजाऱ्याच्या साक्षीने. उद्या सकाळी शेजाऱ्याला भेटल्यावर ते नाकारणे त्याला जड जाते. चळवळीला लागणारा धीर असा उच्चारातून येतो.

याचा सर्वांत मोठा प्रत्यय कोठे आला? 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याची घोषणा झाली. 30 व 31 मे 1936 ला आमच्या शेजारच्या नायगावात मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि धर्मांतराच्या प्रश्नाची सांगोपांग मांडणी तेथे झाली. त्यानंतर वीस वर्षे हा विचार वस्त्यावस्त्यांत मुरत राहिला. तो मुरवण्यात जलशांचा वाटा होता. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंच्या समुदायासमोर बाबासाहेब उभे राहिले. ते एक एक प्रतिज्ञा म्हणत गेले आणि समुदाय त्यांच्या पाठोपाठ म्हणत गेला. बावीस वेळा. एक आवाज पुढे, लाखो आवाज मागे. ज्या समाजाला पंचवीस वर्षे पटांगणांतून ध्रुवपद उचलण्याची सवय झाली होती, त्याला त्या दिवशी काय करायचे हे शिकवावे लागले नाही. परांज्योतींचे पथक ज्या वर्षी निघाले तेच हे वर्ष. मुंबईच्या संगीतविषयक लेखनात एका घटनेची नोंद आहे, दुसरीची नाही, याचे आश्चर्य वाटू नये. पण आपण तरी ती करावी.

पुढे काय झाले? जलसा हळूहळू मागे पडला आणि गायक पुढे आला. शिवडीच्या चाळीत राहून मोठेपणी अक्षर ओळखलेले वामनदादा कर्डक, नायगावात जन्मलेले विठ्ठल उमप, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहून 1944 साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभारणारे अण्णाभाऊ साठे, ही माणसे याच पट्ट्याने दिली. त्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण आपण त्यांचे पुतळे उभारताना त्यांच्या मागे उभे राहिलेल्यांची नावेही विचारली नाहीत. रेडिओ आला, तबकड्या आल्या, कव्वालीचे सामने आले, गायन पार्ट्या आल्या. नाव एकाचे झाले, बाकीचे ‘आणि पार्टी’ झाले. मग 1982 चा गिरणी संप आला. रात्रपाळी, दिवसपाळी, चाळीचे पटांगण हे सर्व जीवनच उखडले गेले, तेथे जलशाला जागा कोठली? वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात 1972 च्या सुमारास जे तरुण जमले, ज्यांच्यातून पँथर उभी राहिली, त्यांनी कवितेला नवी भाषा दिली. ती कविता एकट्याच्या घशातून फुटलेली होती. तिची गरज होतीच. परंतु एकट्याची कविता आणि सर्वांचे गाणे यांत जी फट पडली ती नंतर बुजली नाही.

जलशाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. तमाशातील स्त्रीचे शोषण नाकारताना जलशाने रंगमंचावरून स्त्रीलाच दूर ठेवले. स्त्रीपात्रे पुरुषच करीत. त्या काळी आपल्या आया-बहिणींच्या नावाला लागलेला कलंक पुसायचा होता, हे कारण समजण्यासारखे आहे. पण परिणाम असा झाला की सत्याग्रहात, परिषदांत, मोर्च्यांत पुढे असलेली स्त्री झीलकऱ्यांच्या रांगेत दिसली नाही. जात्यावरच्या ओवीत, पाळण्यात, पुढे विहारातील वंदनेत तिने भीमराव गायला, तो जलशाच्या बाहेर. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बाई पन्नास वर्षे गायकवृंद चालवू शकली. आपल्या वस्तीतील बाई आपल्याच मंडळात ढोलकीपाशी कधी उभी राहिली, याचा हिशेब आपण द्यायला हवा.

आणि आजची स्थिती? 14 एप्रिलला संध्याकाळी वडाळा, नायगाव, वरळी, कोठेही जा. भिंतीएवढे ध्वनिवर्धक, छातीत घुमणारा ठोका, आणि त्यावर रेकॉर्ड केलेला एक आवाज. तरुण नाचतात, त्यांचा आनंद खरा आहे, रस्त्यावर हक्काने उतरण्याचे महत्त्वही मी जाणतो. परंतु त्या आवाजात कोणालाही आपला आवाज मिसळता येत नाही. हजारो माणसे जमली असतात आणि गात कोणीच नसते. माझ्या वर्गातील मुलांना शेकडो भीमगीतांचे ध्रुवपद येते. त्यांतील एकही त्यांनी चारजणांत उभे राहून म्हटलेले नसते. वाजवायला यंत्र आहे म्हटल्यावर गाण्याची गरजच उरली नाही. ज्यांच्या पूर्वजांना तोंड उघडायची मनाई होती, त्यांच्या नातवंडांनी आपण होऊन तोंड मिटावे, हा प्रकार गंभीर आहे. ज्याला एकत्र गाण्याची सवय उरत नाही त्याला एकत्र घोषणा देण्यासाठीही भाड्याचा आवाज लागतो, आणि भाड्याचा आवाज कोण पुरवतो हे निवडणुकीच्या दिवसांत आपण पाहतोच.

यावर उपाय म्हणून जुना जलसा जसाच्या तसा उभा करावा असे मी म्हणत नाही. ते सरकारी सांस्कृतिक महोत्सवाचे काम आहे. आपल्याकडून दोन गोष्टी होण्यासारख्या आहेत. पहिली, वस्तीतील म्हातारी माणसे गाठावीत. कोणी झील धरली होती, ढोलकी कोणाकडे असे, कोणत्या पटांगणात कोणते फार्स झाले, कोणत्या चालीवर काय म्हटले जाई, हे त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावे आणि त्यांना गायला लावून तो आवाजही साठवावा. महाविद्यालयात मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांकडून करून घेता येते, त्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. नोंद करताना मुख्य शाहिराच्या नावाखाली मागच्या चारही माणसांची पूर्ण नावे लिहावीत. दुसरी गोष्ट अशी की येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने रात्री अर्धा तास यंत्र बंद ठेवावे आणि मुलामुलींनी एकत्र उभे राहून गावे. आवाज बेसूर लागेल. पट्टी चुकेल. पहिल्या वर्षी लोक हसतीलही. 1931 साली पटांगणात उभ्या राहिलेल्या त्या कामगार पोरांनाही पहिल्या रात्री सूर नीट लागला असेल असे नाही. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून ते पुन्हा तालमीला आले, म्हणून जलसा झाला.